वानखेडेचा डावा हात आणि कंपनीचं पत्र

आमचा वानखेडे नमस्कार सोडला तर सगळं डाव्या हाताने करतो. नमस्कारालाही हात जोडले की डाव्याची बोटं उजव्यापेक्षा अर्धा इंच वर ठेवतो. बाकी कोणाला ते दिसत नाही, मला दिसतं. मी मिलमध्ये एकतीस वर्षं फिटर होतो. अर्धा इंच मला रस्त्याच्या पलीकडून कळतो, आणि वानखेडेचं घर रस्त्याच्या पलीकडेच आहे.

इंदौरच्या सुदामा नगरात आम्ही दोघं समोरासमोर राहतो. वयाने तो माझ्याहून पाच वर्षं लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करतो. तो मला जाधवजी म्हणतो. सगळी नोकरी त्याने एका सरकारी दफ्तरात आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेलं पत्र रजिस्टरात चढवायचं, गेलेलं पत्र चढवायचं. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळहात ओल्या शाईवरून घसरत जातो, त्यामुळे त्याच्या हाताची कड कायम निळी. दफ्तरात म्हणे लोक पत्रावरचा डाग पाहून ओळखायचे की हे वानखेडेच्या टेबलावरून आलंय.

त्या टेबलाने त्याला एक शब्द शिकवला तो जन्माला चिकटला. "लेखी द्या." दूधवाला म्हणतो, भिया पाणी नाही घातलं. वानखेडे म्हणतो, "लिखित में दो." डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही. "लेखी द्या." माझ्या नातीच्या लग्नाचं बोलावणं मी स्वतः रस्ता ओलांडून तोंडी केलं, कारण पत्रिका संपल्या होत्या. लग्नाच्या दिवशी हा आपला खुर्ची टाकून ओट्यावर. शेवटी मी कॅलेंडरचं पान फाडून त्यावर "या" एवढंच लिहिलं आणि पाठवलं. त्याने ते घरच्या आवक रजिस्टरात चढवलं, पँट बदलली, आला, आणि पाच जिलब्या खाल्ल्या.

मी चौथी पास माणूस. पेनापेक्षा पाना मला बरा. तरी हे लिहायला बसलोय, त्याला कारण वानखेडेच आहे. "जाधवजी, पहिले तुम्ही कंपनीच्या बाजूने होता, मग माझ्या बाजूला आलात. कसे आलात ते लेखी पाहिजे." आता देतोच. पण मागितलं त्यापेक्षा जास्त देणार आहे.

गोष्ट फोनाची. त्याच्या मुलीने पुण्याहून त्याला नवा मोबाइल पाठवला. पातळ, काळा, काचेसारखा. कंपनीचं नाव मी घेत नाही. वानखेडे म्हणतो पडलेल्याचं नाव घ्यायचं नसतं.

रोज संध्याकाळी सहाला तो ओट्यावर बसून इंदौरजवळच्या महूला ताईला फोन लावतो. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, ऐकायला जरा कमी. म्हणून फोन स्पीकरवर, आणि म्हणून त्यांच्या घरातलं मीठ संपलं तरी आमच्या गल्लीला कळतं. नवा फोन आला आणि बोलणं तुटायला लागलं. "ताई, जेवलीस का" इथपर्यंत जायचं, पुढे कुर्र. परत लावला की "ताई, गोळी घेत" आणि कुर्र. तिकडे म्हातारीला वाटायचं भावाने रागाने ठेवला. तीन दिवस ती रुसली. चौथ्या दिवशी फोन उचलला तोच, "आता काय काम आहे?"

वानखेडेने शोध लावला. फोन टेबलावर ठेवला की रेंजच्या काड्या पाच. डाव्या हातात धरला की चार, तीन, दोन, एक, आणि मग काहीच नाही. खालचा डावा कोपरा त्याच्या तळहाताच्या गादीत बसायचा, आणि रेंज पकडणारी पट्टी कंपनीने नेमकी तिथेच बसवली होती.

त्याने कंपनीला फोन केला. माझ्याच फोनवरून, माझ्यासमोर. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आप राइट हैंड में पकड़िए."

"लिखित में दीजिए," वानखेडे म्हणाला.

मला वाटलं देणार नाहीत. दिलं. ईमेल आला, त्याचा त्याने कागद काढून आणला आणि मला मराठीत वाचून दाखवला. फोन चुकीच्या पद्धतीने धरल्यास सिग्नल कमी होऊ शकतो, अशी पकड टाळावी. वाचता वाचता "चुकीच्या" या शब्दावर थांबला. खिशातून पेन काढलं आणि त्या शब्दाखाली रेघ मारली. डाव्या हाताने. रेघ फरफटली.

"जाधवजी," तो म्हणाला, "साठ वर्षांनी परत तेच."

त्याची गोष्ट मला माहीत होती. वडील महूला फौजेत. सलाम उजव्या हाताने, बंदुकीचा घोडा उजव्या हाताने, त्यामुळे घरातला डावा हात त्यांना हुकूम मोडल्यासारखा वाटायचा. पायाला गुंडाळायची जुनी फौजी पट्टी असते, लांब, खाकी. तिने ते याचा डावा हात कमरेला बांधून टाकायचे. शाळेतून आला की बांधायचा, झोपताना सोडायचा. ते ड्यूटीवर गेले की ताई येऊन गाठ सोडायची, आणि त्यांची सायकल फाटकात वाजली की परत तशीच बांधायची. "ताईसारखी गाठ कोणी बांधत नाही," वानखेडे म्हणतो. "दिसायला पक्की, ओढली की सुटणारी."

तरी मी तेव्हा कंपनीच्या बाजूने होतो. खरं ते लिहितो. मी म्हणालो, "अरे, हात बदल ना. दोन दिलेत देवाने."

"बदलणार नाही. हाताचं काही चुकलं नाही, असं त्यांनी लिहून द्यायचं."

"तुला नवा फोन नको?"

"पत्र पाहिजे."

कॉलनीच्या बागेतल्या बाकावर यावरून दोन पक्ष पडले. आमच्या पक्षाचे म्होरके जोशी सर. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले, अजूनही बोलताना बोट फळ्याकडे दाखवल्यासारखं करतात. "वानखेडे, सगळं जग फोन उजव्या हातात धरतं. आता जगाने बदलायचं की तुम्ही?"

"फोनाने, सर."

"माझ्या वर्गात पस्तीस वर्षं एकही डावरा नव्हता. सगळे सुधारले."

"सुधारले की घाबरले, ते लेखी आहे का कुठे?"

जोशी सर दोन दिवस दुसऱ्या बाकावर बसले.

महूची ताईही आमच्याच पक्षात. एका संध्याकाळी मी ओट्यावर असताना स्पीकरवरून तिचा आवाज आला, "हात बदलून टाक ना बाबा, फालतू भांडतोस. मी नाही का—" आणि कुर्र. वानखेडेने परत लावला नाही. मी विचारलं, ताई काय म्हणत होती? तो म्हणाला, "काही नाही."

मग कंपनीने एक हुशारी केली, आणि तिथे मी फुटलो. म्हणाले, आमच्या काड्या मोजण्यात चूक होती, फोनात नवीन प्रोग्राम टाका. टाकला. आता डाव्या हातातही काड्या चार. वानखेडेने ताईला लावला. काड्या चार, बोलणं कुर्र.

मी तो फोन हातात घेऊन पाहिला आणि माझं डोकं सटकलं. मिलच्या बॉयलरवर दाब दाखवणारं घड्याळ असतं. एकदा एका सुपरवायजरने त्याचा काटा मागे वाकवून घेतला, म्हणजे वरच्या साहेबाला दाब बरोबर दिसावा. मी पाना घेऊन ते घड्याळच उतरवलं आणि साहेबाच्या टेबलावर ठेवलं. त्यापायी सात दिवस घरी बसलो, पण काटा सरळ झाल्याशिवाय बॉयलर पेटू दिला नाही. माणसाचा हात चुकला असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. पण काटा वाकवतो त्याच्या बाजूला जाधव उभा राहत नाही.

"वानखेडे," मी म्हणालो, "चल. कुठे जायचं ते सांग."

त्याने कपाटातून फाइल काढली, जणू पँट घालून बसलाच होता.

भंवरकुआंजवळ कंपनीचं सर्विस सेंटर. कोचिंगची पोरं रांगेत, त्यांच्यात आम्ही दोन पांढरी डोकी. मॅनेजर भला माणूस. त्याने लगेच एक रबराचं कव्हर काढलं. "अंकल, ये फ्री है. चढ़ा लीजिए, प्रॉब्लम खत्म."

वानखेडेने ते कव्हर दोन बोटांत धरून पाहिलं. "थंडी फोन को लग रही है क्या?" आणि परत दिलं. "टोपडं नको, भिया. हाथ गलत नहीं है, इतना लिख दो."

आठवडाभर आम्ही रोज गेलो. मॅनेजर आम्हाला पाहिलं की चहा सांगायचा, नंतर नंतर पाहायच्या आधीच सांगायचा. शेवटी बाहेरगावाहून कंपनीचा इंजिनियर आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट. त्याने फोन डाव्या हातात धरला, आपल्या माणसाला लावला, पाच मिनिटं बोलला. कुठेच तुटलं नाही.

"देखिए अंकल. लेफ्ट में भी चल रहा है."

वानखेडेचं तोंड उतरलं. इतकं की त्याने लेखीसुद्धा मागितलं नाही. फाइल बंद करून दोरी बांधायला लागला.

पण मी त्या मुलाच्या हाताकडे पाहत होतो. त्याने फोन असा धरला होता जसं दुसऱ्याचं तान्हं बाळ धरतात. बोटांच्या टोकांवर, तळहात लांब. आयुष्यात त्या हाताने त्याने घड्याळ बांधून घेण्यापलीकडे काही केलं नसेल. वानखेडे फोन धरतो तो मुठीत, कामाचा हात धरतो तसा.

मी म्हणालो, "साहब, आपने उल्टे हाथ से पकड़ा. ये सीधे हाथ से पकड़ते हैं. इनका सीधा बाईं तरफ लगा है."

मुलगा हसला, पण विचारात पडला. मग म्हणाला, "अंकल, एक आदमी से साबित नहीं होता. कंपनी कहेगी, इन्हीं की पकड़ खराब है. और लोग हों तो मैं अगले शनिवार तक यहीं हूँ."

आता डावरे लोक आणायचे कुठून? इंदौरात कोण कुठल्या हाताचा, सांगता येत नाही. जेवताना उजवा, प्रसादाला उजवा, हात मिळवायला उजवा. सगळे शिकवलेले. वानखेडेने दोन दिवस लोकांना विचारून पाहिलं. लोक असे नाही म्हणायचे जणू पोलिसाने विचारलं.

मला सुचलं ते पोह्यांच्या ठेल्यावर. उभ्या-उभ्या, एका हातात कागदाची प्लेट, दुसऱ्यात चमचा. चमच्याला कोणी संस्कार लावत नाही. आईने डोळे वटारले ते घासाला, चमच्याला नाही. मी वानखेडेला म्हणालो, "सकाळी अन्नपूर्णाच्या ठेल्यावर ये. हात बघू नको, चमचे बघ."

चार सकाळी आम्ही ठेल्याशेजारी उभे. इतके पोहे खाल्ले की घरी मला शेव दिसली तरी नको वाटायची. पहिल्या सकाळी एक शिंपी सापडला. वानखेडे त्याच्या शेजारी सरकला आणि हळूच म्हणाला, "भिया, तुम्ही डावरे का?"

शिंप्याने चमचा खाली टाकला.

"मी पण आहे," वानखेडे म्हणाला आणि आपला निळा हात दाखवला.

मग तो शिंपी जो बोलायला लागला तो थांबेना. आयुष्यभर उजव्या हाताच्या कात्रीने कापड कापलं, अंगठ्याला घट्टा पडला, कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी बँकेतल्या एक बाई. आम्ही पाहतोय हे कळताच त्यांनी चमचा उजव्या हातात घेतला आणि पोहे पदरावर सांडले. त्यांनाही समजावलं. कोचिंगची चार पोरं तर हसत हसत तयार झाली, त्यांना कोणी बांधलंच नव्हतं. तिसऱ्या दिवसापर्यंत बारा माणसं झाली.

चौथ्या सकाळी वानखेडेने माझी बाही ओढली. ठेल्याच्या मागे, रस्त्याकडे पाठ करून, एक उंच माणूस पोहे खात होता. चमचा डाव्या हातात. भराभर, सवयीने.

जोशी सर.

मी तर टोमणा तयारच ठेवला होता. वानखेडे पुढे गेला, त्यांच्या शेजारी उभा राहिला, आणि स्वतःच्या प्लेटमध्ये लिंबू पिळत म्हणाला, "सर, शनिवारी अकरा वाजता. आलात तर रजिस्टरात नाव लिहिणार नाही."

सरांनी चमचा बदलला नाही. प्लेट संपवली. मग एवढंच म्हणाले, "माझ्या वडिलांची छडी बांबूची होती."

शनिवारी सर्विस सेंटरमध्ये तेरा डावरे आणि चौदावा वानखेडे. त्याने सगळ्यांना एकच सांगितलं, "शिकवलेलं विसरा. जसा धरावासा वाटेल तसा धरा." मी बाहेर रस्त्यावर माझा फोन घेऊन उभा. आत एकेक जण वानखेडेच्या फोनवरून मला लावणार, तुटला की मी काचेतून हात वर करणार. मिलमध्ये मशीन बंद करायची खूण असते तशीच.

शिंपी बोलला, "जाधवजी, आवाज ये..." मी हात वर केला. बँकेतल्या बाई. हात वर. पोरं एकामागून एक. हात वर, हात वर. माझा खांदा दुखायला लागला, पण असं दुखणं रोज मिळो. पानवाला, रिक्षावाले थांबून बघायला लागले. कोणीतरी विचारलं, "दादा, काय चाललंय?" मी म्हणालो, "काटा सरळ करतोय."

शेवटी जोशी सर. आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत. "जाधव, मी जोशी बोलतोय. मी डाव्या हाताने..." आणि कुर्र.

मी दोन्ही हात वर केले.

मग मी आत गेलो, अस्सल उजवा माणूस. उजव्या हातात धरला, चाललं. डाव्या हातात धरला, बोटांच्या टोकांवर, चाललं. इंजिनियरने माझी पकड पाहिली, शिंप्याची पाहिली, आणि मग वानखेडेचा हात स्वतःच्या हातात घेऊन फोनाभोवती कसा बसतो ते निरखत राहिला. डाग पडलेला तो हात इतक्या आदराने कोणी धरलेला मी पाहिला नव्हता. मुलगा म्हणाला, "अंकल, मैं रिपोर्ट लिखूँगा."

"लिखित में?" मॅनेजरने विचारलं, आणि सगळं दुकान हसलं. वानखेडेसुद्धा.

पत्र यायला दीड महिना लागला. आलं ते रजिस्टर डाकेने, कंपनीच्या शिक्क्याचं. मागचा ईमेल आम्ही मागे घेतो. दोष फोनातल्या पट्टीच्या जागेत आहे. ग्राहकाच्या हातात किंवा पकडीत कोणतीही चूक नाही. सोबत नव्या बनावटीचा फोन, पट्टी वरच्या बाजूला हलवलेली. वानखेडेने पत्र बागेत चार वेळा वाचलं, पाचव्यांदा जोशी सरांनी वाचलं. पोहेवाल्याने त्या दिवशी चौदा प्लेटी फुकट दिल्या आणि सगळे डाव्या हाताने खाऊन दाखवा म्हणाला. दाखवलं.

मला वाटलं आता हा ते पत्र फ्रेम करणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "जाधवजी, महूला येता का?"

ताईचं घर लहान, स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली वडिलांचा वर्दीतला फोटो. ताई खाटेवर बसलेली, पांढरी साडी, हात मांडीवर. वानखेडे तिच्यासमोर स्टुलावर बसला, पत्र काढलं आणि तिच्या कानाशी वाकून एकेक शब्द मराठीत करून मोठ्याने वाचला. हातात कोणतीही चूक नाही, इथे आल्यावर तिने त्याला थांबवलं.

"परत वाच."

त्याने परत वाचलं.

"लेखी दिलंय?"

"लेखी दिलंय ताई. शिक्का आहे."

तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "ताई, त्या दिवशी फोन तुटला तेव्हा तुम्ही काय म्हणत होता? मी नाही का, म्हणालात."

"मी नाही का बदलला, म्हणत होते." ती फोटोकडे पाहत होती. "आधी माझाच बांधायचे. त्याच पट्टीने. ती गाठ मी तेव्हाच शिकले, एका हाताने दाताने ओढून. याला निदान सोडायला मी होते."

वानखेडे दचकला नाही, पत्राची घडी घालत होता. हे त्याला माहीत होतं. बहुतेक पहिल्या दिवसापासून तो यासाठीच भांडत होता. मला ते तिथे कळलं, आणि मी त्याला हात बदल म्हणालो होतो.

त्याने पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला, उघडून तिच्यापुढे धरला. ताईने उजवा हात पुढे केला. अर्ध्यात थांबवला. तो परत मांडीवर ठेवला, आणि पदराखालून डावा बाहेर काढला. सवय नसलेला हात, पेढा चिमटीत नीट बसेना. पेढा आता पडेल असं मला वाटलं.

पडला नाही.